काठावरचे अर्जुन वाळले, नाल्यातले खेकडे कुठे गेले?

नमस्कार. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. इंदूरच्या दक्षिणेचं सिमरोल सोडून घाट उतरलं की चोरल नदीच्या खोऱ्यात तुमची वडिलोपार्जित जमीन आहे. तिच्या कडेनं जंगलातून येणारा एक नाला वाहतो. गेल्या सहा-सात वर्षांत काठावरचे अर्जुन एकेक करून वाळले आणि वरच्या उतारावरचा सागही विरळ झाला. लहानपणी तुम्ही काकांबरोबर दगड उलटून खेकडे धरायचात. आता दगडाखाली नुसता गाळ आहे आणि वर हिरवं शेवाळ. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. झाडं वाळल्यानं पाण्यातले जीव खरंच जातात का, नाल्यात पडलेले ओंडके काढून नाला साफ करावा का, आणि नवी झाडं लावली तर सगळं परत येईल का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पावसाळ्याआधी जेसीबी लावायचं घरात ठरतंय असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून लावू नका. निदान हा एक पावसाळा थांबा. का, ते पुढे येईलच.

मी इंदूरचाच. सव्वीस वर्षं विंध्याच्या दोन्ही अंगांच्या नाल्यांत उतरून पाणकिडे गोळा करायचं आणि मोजायचं काम करतोय. आपल्याकडे जानापावच्या डोंगरावर पडलेल्या पावसातलं काही पाणी चंबळेतून यमुनेला जातं आणि काही चोरल, कारम यांच्यातून नर्मदेला. उत्तरेकडचे नाले लगेच काळ्या मातीच्या शेतांत शिरतात. दक्षिणेकडचे मात्र बराच काळ झाडांखालून वाहतात. म्हणून झाडं गेल्याचा फटका तुमच्या बाजूला जास्त बसतो, आणि दिसतोही लवकर.

पण आधी एक शंका फेडून घेऊ. झाडं मेली म्हणून नाला बिघडला, की झाडं आणि नाला दोघांनाही एकाच कारणानं ग्रासलं? हे न तपासता पुढे गेलात तर रोपं लावाल आणि तीही वाळतील. अर्जुन हे पाण्याच्या काठचं झाड आहे, त्याची मुळं डोहाच्या ओलाव्यावर जगतात. आसपास बोअर वाढले आणि उन्हाळ्यात भूजल दरवर्षी थोडं थोडं खाली जाऊ लागलं, तर झाड शेंड्याकडून वाळत येतं, आधी वरच्या फांद्या, मग दोन-तीन वर्षांत सगळं. सालीसाठी बुंधा गोल तासला असेल तर झाड याहून खूप लवकर जातं. अर्जुनाची साल औषधाला विकली जाते, त्यामुळे बुंध्यावर हात फिरवून बघाच. खोडाला भोकं आणि बुंध्याशी भुसा असेल तर पोखरकिडा. उताराकडच्या अंगाला काळा व्रण असेल तर वणवा. आणि सागाची पानं पावसाळ्याच्या शेवटी नुसती शिरा उरलेल्या जाळीसारखी दिसत असतील, तर ते पानं खाणाऱ्या अळीचं काम आहे. तो साग मेलेला नसतो, त्याला पुन्हा पालवी फुटते, त्याला मेलेल्यांत मोजू नका.

पाण्याचं कारण ओळखायला मी एक साधी युक्ती वापरतो. फेब्रुवारीत, जिथून डोहाचं पाणी बारीक धारेनं बाहेर पडतं तिथं बांबूची काडी रोवायची आणि दोन-तीन दिवस पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास पाण्याच्या रेषेवर खूण करायची. काठावर जिवंत झाडं असतील तर दुपारपर्यंत पाणी किंचित उतरतं आणि रात्रीतून थोडं चढतं, कारण मुळं दिवसा पाणी ओढतात आणि रात्री थांबतात. पण पाणी ऊन-सावली न बघता, शेतीची वीज येते त्या तासांत उतरत असेल, तर ते मोटारीला जातंय. तुमच्या नाल्यात हे दिसलं, तर झाडांच्या आधी शेजाऱ्यांशी बोलावं लागेल. ते काम अवघड आहे, पण त्याला पर्याय नाही.

आता समजा पाणी ठीक आहे आणि झाडंच गेली आहेत. मग नाल्यात काय होतं?

तुम्ही प्रश्न माशांचा आणि खेकड्यांचा विचारलात, पण सुरुवात पानांपासून होते. जंगलातल्या अरुंद, सावलीतल्या नाल्यात फारसं अन्न तयारच होत नाही. ऊन पोचत नाही, तर शेवाळ वाढणार कसं? तिथलं जेवण वरून पडतं: पानं, सालपटं, फुलं, फळं, काटक्या. फिशर आणि लायकन्स या दोघांनी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या जंगलातल्या बेअर ब्रूक नावाच्या छोट्या ओढ्याचा ऊर्जेचा हिशोब १९७३ साली प्रसिद्ध केला. ओढ्याला मिळालेल्या ऊर्जेपैकी ९९ टक्क्यांहून जास्त बाहेरून, म्हणजे जंगलातून आलेली निघाली. ते थंड प्रदेशातलं जंगल, त्यामुळे हा आकडा चोरलला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण पानांवर जगणारा नाला म्हणजे काय, हे त्यातून कळतं.

पान पाण्यात पडल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत त्यातला विरघळणारा भाग चहाच्या रंगासारखा उतरतो. मग त्यावर बुरशी बसते. वाहत्या पाण्यातल्या या बुरशीचं जग वेगळंच आहे. इंगोल्ड या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञानं १९४२ मध्ये ते पहिल्यांदा नीट मांडलं. तिचे बीजाणू चार हातांच्या चांदणीसारखे असतात, म्हणजे वाहता वाहता पानाला अडकावेत. पावसाळ्यानंतर दगडामागे जो पांढरा फेस जमतो, त्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की त्या चांदण्या दिसतात. मी शाळेच्या मुलांना नाल्यावर नेतो तेव्हा सगळ्यात आधी हेच दाखवतो, आणि दर वेळी मलाही तितकाच आनंद होतो. नुकतंच पडलेलं कोरं पान किड्यांच्या फारसं कामाचं नसतं. बुरशीनं ते मऊ झालं आणि त्यात थोडी प्रथिनं आली की खाणारे जमतात. कॅडिसफ्लाय नावाच्या पाणकिड्याच्या काही अळ्या तर पानाचे तुकडे कापून त्यांचंच घर अंगावर बांधून हिंडतात. पानांचा जो चुरा होतो तो खाली वाहत जातो, आणि जाळं विणून बसलेले किडे, शिंपले, झिंगे त्याच्यावर जगतात. किड्यांवर मासे, माशांवर खंड्या आणि बगळे.

उष्ण प्रदेशातल्या ओढ्यांत पान कुरतडणारे किडे थंड प्रदेशापेक्षा कमी सापडतात. ते काम बरंचसं बुरशी, झिंगे आणि खेकडे करतात. म्हणून तुम्ही खेकड्यांबद्दल लिहिलंत तेव्हा मी सावध झालो. तुमच्या नाल्यातून जो प्राणी गेलाय तो पानांचा मुख्य खाणारा आहे.

खेकड्याचं दुःख दुहेरी आहे. त्याला खायला कुजती पानं लागतात आणि राहायला काठातलं बीळ. मुळांनी बांधलेल्या काठात बीळ टिकतं, भुसभुशीत काठात ढासळतं. शिवाय गोड्या पाण्यातल्या खेकड्याची पिल्लं पाण्यावर तरंगत दूर जात नाहीत. मादी अंडी आणि मग इवलाले खेकडे पोटाखाली धरून वागवते आणि तिथंच सोडते. म्हणजे एका नाल्यातून खेकडे गेले की ते चालत येतील तेव्हाच परत येणार. उडून येणाऱ्या किड्यांसारखं त्यांचं नसतं.

पानांबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो, कारण झाडं निवडताना ती उपयोगी पडेल. मी लसणाच्या जाळीच्या पिशव्यांत सुकी पानं तोलून भरतो, मुळाला बांधून पाण्यात सोडतो आणि काही आठवड्यांनी काढून पुन्हा तोलतो. शेजारी तशीच एक बारीक कापडी जाळीची पिशवी ठेवतो, तिच्यात किडे शिरू शकत नाहीत. दोन्हींतल्या फरकावरून प्राण्यांनी किती खाल्लं आणि बुरशीनं किती कुजवलं याचा अंदाज येतो. करंज आणि उंबर यांची पानं झपाट्यानं संपतात. साग, अर्जुन, जांभूळ यांची चिवट पानं कितीतरी जास्त टिकतात. निलगिरीच्या पानांना बराच काळ कोणी तोंड लावत नाही. यातून मी शिकलो ते हे, की नाल्याला दोन्ही तऱ्हेची पानं लागतात. मऊ पानं लगेच पोट भरतात, चिवट पानं उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पुरतात. फक्त एकाच जातीची झाडं असलेल्या काठावर वर्षातले काही महिने उपाशी जातात.

आपल्याकडची पानगळही पुस्तकातल्यासारखी नाही. परदेशी पुस्तकांत शरद ऋतूत पानं पडतात आणि ओढा वाहता असतो. आपल्याकडे साग हिवाळ्याच्या उत्तरार्धात पानं टाकतो, अर्जुन त्यानंतर, आणि तेव्हा नाला मंदावून डोहांची माळ झालेला असतो. पानं वाहून न जाता डोहात साचतात. थोडी साचली तर डोहाचं कोठार भरतं. पण आटत्या डोहात एकदम फार साचली, तर कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, पाणी काळपट होतं आणि मासे तोंड वर काढतात. म्हणून कुठलाही दुष्काळ किंवा कीड एका हंगामात सगळी पानं पाडते तेव्हा पहिल्या वर्षी नाल्याला अन्न कमी पडत नाही, उलट अतिरेक होतो. उपासमार नंतर सुरू होते.

उपासमार कशी दिसते, याचा सगळ्यात स्पष्ट प्रयोग नॉर्थ कॅरोलिनातल्या कोवीटा इथं झाला. ब्रूस वॉलेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंगलातल्या एका छोट्या ओढ्यावर जाळी टाकून पानं आतच येऊ दिली नाहीत. १९९७ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले: पानं खाणारे घटलेच, पण त्यांना खाणारे शिकारी किडेही घटले. बाकी ओढा तसाच होता, पाणीही तेच, फक्त पानं नव्हती.

झाडांवरून नुसती पानं पडत नाहीत, किडेही पडतात. मुंग्या, अळ्या, नाकतोडे. नाल्यातल्या माशांच्या पोटात असे किडे तुम्हाला हमखास सापडतील. जपानमध्ये होक्काइदो बेटावर शिगेरू नाकानो यांनी एक ओढा पारदर्शक जाळीखाली झाकला, म्हणजे झाडावरचे किडे पाण्यात पडू नयेत. वरचं खाणं बंद झालं तसे तिथले मासे तळातल्या किड्यांवर तुटून पडले. ते किडे शेवाळ चरणारे होते. ते कमी झाल्यावर दगडांवर शेवाळ वाढलं. ओढ्यावर नुसती जाळी टाकली आणि तळाच्या दगडाचा रंग बदलला. तुमच्या दगडावरचं शेवाळ उन्हामुळे आहे हे खरं, पण त्यात माशांच्या या उपासमारीचाही वाटा असू शकतो.

ऊन म्हणाल तर त्याचा परिणाम सरळ आहे. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना साडेसात. फरक लहान वाटतो, पण पाणी तापलं की किड्याची आणि माशाची प्राणवायूची गरज वाढते. मिळतं कमी, लागतं जास्त. त्यात शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री तोच ओढून घेतं, त्यामुळे सगळ्यात वाईट वेळ पहाटेची असते. दुपारी मोजून पाणी छान आहे असा निष्कर्ष काढलेले अहवाल मी पाहिलेत. पहाटे मोजल्याशिवाय उन्हाळ्यातल्या डोहाबद्दल मी काहीच बोलत नाही.

इथं एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सावली गेल्यावर काही वर्षं काही जीव वाढतातही. दगडाला चिकटून शेवाळ खरवडणारे गारा जातीचे मासे मजेत राहतात, शेवाळ चरणाऱ्या गोगलगायी वाढतात, उघड्या पाण्यावरचे चतुर येतात. गावकरी म्हणतात, मासे तर आहेत की! त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण एकूण संख्या आणि विविधता या वेगळ्या गोष्टी आहेत. परातीत आधी पंधरा-वीस तऱ्हेचे किडे दिसायचे आणि आता चार तऱ्हेचेच दिसतात, पण तेच शेकड्यांनी, असं झालं की मी नाला आजारी धरतो.

झाडाच्या मृत्यूचा परिणाम नाल्यावर एकदम होत नाही, टप्प्याटप्प्यानं होतो, आणि तुमच्या नाल्यात आज दिसतंय ते बहुधा काही वर्षांपूर्वीच्या मरणाचं फळ आहे. झाड वाळलं त्या वर्षी नाल्याला फक्त ऊन जास्त मिळतं. पानं तर आधीची साचलेली असतात. मुळं मात्र मातीत हळूहळू कुजत असतात, आणि पुढची काही वर्षं ती काठ धरून ठेवतात. मग एखाद्या जोराच्या पावसात काठ बसतो. आपली काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते. मुळांच्या जाळीशिवाय ती उभी राहत नाही. तो गाळ दगडांच्या मधल्या फटींत जाऊन बसतो. या फटी म्हणजे नाल्यातल्या किड्यांची वस्ती. दगडाच्या खालच्या बाजूला चिकटून राहणाऱ्या चपट्या मेफ्लायच्या पिल्लांना, नाण्यासारख्या गोल पाणभुंग्याच्या अळ्यांना राहायला जागाच उरत नाही. खाली नर्मदेतून चढून येणारा महसीर, निमाडात ज्याला बाडस म्हणतात, जो २०११ पासून मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे, त्यालाही अंडी घालायला स्वच्छ गोटे आणि त्यांतून खेळणारं पाणी लागतं. चोरलला मिळणारा प्रत्येक छोटा नाला आपला गाळ त्याच्याच वाटेवर नेऊन टाकतो.

म्हणजे आतापर्यंतचं थोडक्यात: आधी ऊन, मग पानांची टंचाई, मग काठ ढासळून गाळ. तुमचा नाला तिसऱ्या टप्प्यात आहे, आणि चौथा टप्पा नुकता सुरू झालाय: वाळलेली झाडं नाल्यात पडणं. याच चौथ्या टप्प्याला तुम्ही कचरा समजून साफ करायला निघाला आहात.

पडलेला ओंडका नाल्यासाठी काय करतो? पाणी त्याच्यावर आदळून खाली वळतं आणि तळ खरवडून डोह करतं. त्याच्या मागे पानं अडकतात, गाळ अडकतो, खालचे गोटे धुतले जातात. सहा-सात महिने जवळजवळ कोरडे जाणाऱ्या आपल्या नाल्यांमध्ये मे महिन्यात जिवंत राहण्याचं ठिकाण म्हणजे डोह. तो डोह हात-दोन हात खोल राहिला तर मासा, झिंगा, खेकडा पुढच्या मृगापर्यंत टिकतो. जेसीबीनं तळ सपाट केला तर पहिल्या पावसात पाणी छान वाहताना दिसेल आणि मार्चमध्ये सगळा नाला एकसारखा उथळ होऊन आटेल. नाला मोकळा केला म्हणून समाधान वाटावं आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथं एकही जीव नसावा, हे मी एकाहून जास्त गावांत बघितलंय आणि मला त्याचा फार त्रास होतो.

हा धडा मी शिकलो तो इथं नाही, पूर्वेकडे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मंडला, दिंडोरी, अमरकंटक या पट्ट्यातल्या सालाच्या जंगलात पोखरणाऱ्या भुंग्याची प्रचंड साथ आली होती. लाखो झाडांना कीड लागली आणि साथ रोखायला कीड लागलेली झाडं मोठ्या प्रमाणावर तोडली गेली. तोडणं आवश्यक होतं की नाही हा वनशास्त्रातला वेगळा वाद आहे, आणि साथीत कीड पसरवणारी झाडं हटवण्यामागचं कारण मला समजतं. मी नवशिका म्हणून तिथल्या झऱ्यांवर काम करायला गेलो होतो. जिथं झाडं वाळून उभीच होती तिथले झरे पहिल्या वर्षी बऱ्यापैकी धडधाकट होते. जिथून ओंडके ओढत नेले होते, ट्रक उतरवायला वाटा केल्या होत्या, तिथला झरा पहिल्याच पावसात लाल मातीनं भरला. पाणकिड्यांची माझी जाळी चिखलानं जड होऊन वर यायची. किड्यानं मारलेल्या झाडापेक्षा ते झाड बाहेर काढण्याची पद्धत पाण्याला जास्त महाग पडते, हे तेव्हापासून मी विसरलेलो नाही.

म्हणून तुमच्यासाठी नियम असा करा. रपट्याच्या, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलाच्या, नळीत अडकलेला, पाणी शेतात वळवणारा किंवा घराला धोका असलेला ओंडका काढा. तोही हातानं किंवा बैलांनी, काठ न खणता. बाकी सगळे राहू द्या. नाल्याच्या रुंदीपेक्षा लांब ओंडके सहसा वाहून जात नाहीत, ते सगळ्यात मोलाचे. उभी वाळलेली झाडं शक्य तितकी उभीच ठेवा, पोपट आणि पिंगळे त्यांच्या ढोलीत राहतात. आणि सागाला हात लावण्याआधी वनविभागात विचारा, झाड स्वतःच्या शेतातलं असलं तरी परवानगीचे नियम आहेत.

खतांबद्दल एक वाक्य. मेलेलं जंगल जमिनीतलं नायट्रोजन उचलत नाही म्हणून ते पाण्यात उतरतं, हे खरं आहे. पण तुमच्या नाल्याशेजारी गहू आणि लसूण असेल तर युरियाचा वाटा त्याहून मोठा धरा आणि काठापासून काही हात जमीन पडीक सोडा.

आता तिसरा प्रश्न: परत येईल का? बरंचसं येईल, पण एकाच वेळी नाही. आधी किडे येतील, कारण त्यांना पंख आहेत. शेजारच्या जिवंत नाल्यातून उडत येऊन ते अंडी घालतात. सावली आणि गाळ यांत थोडी जरी सुधारणा झाली तरी एक-दोन पावसाळ्यांत परातीत फरक दिसतो. मासे खालून जोडलेला मार्ग असेल तरच येतील. मध्ये उंच स्टॉप डॅम असेल तर त्याच्या वर चढणारे फार थोडे. खेकडे सगळ्यात शेवटी. वरच्या जंगलात एखाद्या झऱ्याशी ते शिल्लक आहेत का, हे आधी शोधा. असतील तर मला फार आशा आहे.

लावायचं काय, तर आधी काठ धरणारं आणि मग सावली देणारं. निर्गुडी आणि वाळुंज यांच्या ओल्या काड्या पावसाच्या तोंडावर थेट काठात खोचा. त्या पहिल्या दोन वर्षांत मातीला धरतात. त्यांच्या मागे करंज, उंबर, जांभूळ आणि अर्जुन, मिसळून, एका ओळीत नाही. उंबराची फळं पाण्यात पडतात तीही माशांना हवी असतात. झटपट सावलीसाठी निलगिरी लावायचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईल, तो ऐकू नका. वाळलेल्या अर्जुनाच्या बुडाशी फुटवे आले असतील तर त्यांना शेळ्यांपासून वाचवणं हे नवीन रोपाहून सोपं आणि स्वस्त आहे, कारण त्या बुडाची मुळं अजून जमिनीत आहेत. उघड्या जागेत घाणेरी आणि बेशरम सगळ्यात आधी घुसतील. ती एकदम उपटून काठ उघडा करू नका, रोपं खांद्याएवढी होतील तसतशी काढत जा.

कोणतं झाड जातं आणि त्याच्या जागी कोण येतं, यावर पुढचं सगळं ठरतं. अमेरिकेच्या पूर्वेला हेमलॉक नावाचे सदाहरित वृक्ष एका परदेशी किडीनं मरताहेत. त्यांच्या जागी पानगळीची झाडं येतात, म्हणजे जंगल पुन्हा उभं राहतं, तरीही हेमलॉकखालचा ओढा जसा थंड आणि स्थिर असतो तसा तो राहत नाही आणि त्यातले जीव बदलतात. तुमच्या काठावर अर्जुनाच्या जागी नुसती घाणेरी आली तर हिरवळ दिसेल, पण नाल्याला हवी ती पानं आणि मुळं मिळणार नाहीत.

पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा एवढं करा. स्वयंपाकघरातली एक पांढरी परात किंवा ट्रे आणि एक पिठाची चाळणी न्या. खळखळत्या जागी एका दगडाच्या वरच्या अंगाला पायानं तळ ढवळा, खालच्या अंगाला चाळणी धरा, आणि जे येईल ते परातीत पाणी घालून बघा. तीन शेपट्या आणि पोटाच्या कडांना हलणारे कल्ले दिसले तर ते मेफ्लायचं पिल्लू. दोन शेपट्या असतील तर बहुतेक स्टोनफ्लाय, आणि तो दिसला तर मला जरूर कळवा, कारण तो सहसा स्वच्छ, भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यातच राहतो. नुसत्या लाल अळ्या वळवळत असतील तर तळाशी प्राणवायू कमी आहे. हेच काम वरच्या दाट झाडीतल्या भागात आणि तुमच्या वाळलेल्या भागात, एकाच दिवशी, तीन-तीन ठिकाणी करा आणि सगळे जीव पुन्हा पाण्यात सोडा. गावातले जुने दाजी, म्हणजे वयस्कर माणसं, असतील तर त्यांना सोबत घ्या. डोह कोणत्या वर्षापासून आटायला लागला, हे त्यांना कोणत्याही यंत्रापेक्षा नीट आठवत असेल.

दोन्ही परातींचे फोटो, बुंध्याचा एक फोटो आणि काडीवरच्या खुणा पाठवा. तुमच्या अर्जुनांना पाण्यानं मारलं की कुऱ्हाडीनं, ते त्यावरून बरंचसं सांगता येईल, आणि मग कोणती काडी कुठे खोचायची ते आपण ठरवू.